पॉवर स्टिअरिंग काढून साधं बसवायचंय? आरटीओची परवानगी, कागदपत्रं आणि काही खाचखळगे

जुन्या गाडीच्या मालकाला हा सल्ला गॅरेजमध्ये कधी ना कधी मिळतोच. स्टिअरिंगच्या रॅकमधून (पुढची चाकं वळवणाऱ्या दात्यांच्या दांड्याच्या जोडणीतून) तेल गळतंय, पंप कण्हतोय, सीलकिट दोनदा बदलून झालं. नवा हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) रॅक टाकायचा तर गाडी विकून येतील त्यातला चांगला मोठा भाग त्यातच जाईल. मग मेकॅनिक हात पुसत म्हणतो, "पॉवर काढून टाकू ना. साधा रॅक बसवू, कटकटच नको." काम एखाद्या दिवसाचं. पण हे कायद्यात बसतं का, आरटीओत कळवायला लागतं का, असं विचारलं की तो खांदे उडवतो.

आधी आरसी काढून नीट वाचा. तिच्यात वाहनाचा वर्ग, कंपनी, मॉडेल, चासी आणि इंजिन नंबर, सिलिंडर, सीसी, इंधन, आसनसंख्या, रिकाम्या गाडीचं वजन, रंग, बॉडीचा प्रकार, व्हीलबेस असं सगळं असतं. स्टिअरिंगचा रकाना नसतो. म्हणून "आरसीत नाही, म्हणजे विचारायची गरज नाही" असं एजंटसुद्धा बिनदिक्कत सांगतात. ते अर्धंच खरं आहे. मॉडेलच्या रकान्यात बहुतेक वेळा व्हेरिएंटसकट नाव छापलेलं असतं आणि खरी गोम तिथे आहे. अल्टो एलएक्स साध्या स्टिअरिंगची यायची, एलएक्सआय पॉवरची. आरसीवर एलएक्सआय आणि गाडीत एलएक्सचा रॅक, असं झालं तर कागद आणि गाडी यांचा मेळ राहत नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा रोख नेमका या मेळावर आहे. आरसीतला तपशील आणि उत्पादकाने मूळ ठरवलेलं स्वरूप यांत फरक पडेल असा बदल मालकाने करू नये, असं ते कलम सांगतं. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. परवानगीत न बसणारा बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. स्टिअरिंगसाठी कोणी तुरुंगात टाकेल असं मला वाटत नाही, पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतो तेव्हा हेच कलम समोर ठेवलं जाऊ शकतं.

पात्रता: एकच प्रश्न

तुमच्या मॉडेलची साध्या स्टिअरिंगची आवृत्ती कंपनीने स्वतः कधी विकली होती का? विकली असेल तर त्या आवृत्तीला केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे चाचणी संस्थेची मान्यता मिळालेली असते. तुम्ही अर्जात बोट ठेवायचं ते या गोष्टीवर: नवा जुगाड करत नाही, कंपनीचाच मंजूर भाग बसवतो आहे.

विकली नसेल तर इथेच थांबा. दुसऱ्या गाडीचा रॅक वेल्डिंग करून बसवता येतो, लोक बसवतातही, पण त्या जोडणीची चाचणी कोणीच केलेली नाही. आरटीओत दाखवायला कागद नाही आणि वेल्डिंग तुटलं तर चाकं वळणार नाहीत.

इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असलेल्या गाडीच्या मालकांनी तर हा विचार सोडून द्यावा. तिथे मोटर बहुतेक वेळा स्टिअरिंग कॉलमवर (व्हीलखालच्या दांड्यावर) असते, तिला टॉर्क सेन्सर (व्हीलवर किती जोर लागतोय ते मोजणारा) आणि स्पीडचा सिग्नल जोडलेला असतो. फ्यूज काढला की झालं मॅन्युअल, असं नाही. स्टिअरिंग जड होतं, डॅशबोर्डवरचा दिवा पेटलेला राहतो, बाकी काही साधत नाही. शिवाय १ जुलै २०१९ पासून बनलेल्या प्रत्येक कारमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे. कॉलम उघडताना एअरबॅगची क्लॉकस्प्रिंग (व्हील फिरत असतानाही एअरबॅगला वीज पोचवणारी गुंडाळलेली पट्टी) फिरली किंवा तुटली तर ऐन वेळी एअरबॅग उघडणार नाही. गाडीला बँकेचा बोजा असेल तर बँकेच्या लेखी संमतीशिवाय पुढे जाऊ नका. दिव्यांग मालकासाठी रूपांतरित म्हणून नोंदलेल्या गाडीतलं पॉवर स्टिअरिंग बहुधा त्या रूपांतराचाच भाग असतं, त्याला हात लावू नये.

नुसते पाइप जोडले म्हणजे रूपांतर नव्हे

माझ्या ओळखीतल्या एकाने पट्टा काढून, रॅकचे दोन पाइप एकमेकांना जोडून गाडी "मॅन्युअल" करून घेतली. घोडबंदर रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत दुसऱ्याच दिवशी त्याचे खांदे भरून आले. कारण सोपं आहे. पॉवरचा रॅक मुळात मदत गृहीत धरून बनवलेला असतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याला साधारण तीन फेऱ्या लागतात. मॅन्युअल रॅकला साडेतीन-चार लागतात, म्हणून तो हाताला हलका पडतो. पाइप जोडलेल्या रॅकमध्ये आतला पिस्टन तेल ढकलत राहतो आणि पिनियनजवळचा (रॅकला फिरवणाऱ्या दात्यांच्या चाकाजवळचा) व्हॉल्व्ह दाब नसल्यामुळे किंचित मोकळा खेळतो. जड तर जड, वर प्ले, म्हणजे चाकं न वळता व्हीलच थोडं मोकळं फिरतं.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतलाच नियम ९८ सांगतो की स्टिअरिंग व्हीलवर ३० अंशांपेक्षा जास्त प्ले चालणार नाही, बॉल जॉइंटवर रबरी टोप्या हव्यात, बोल्ट-पिना लॉक केलेल्या हव्यात. निरीक्षक व्हील हातात धरून हलवून बघतो. काही गाड्यांत पॉवर पंपाचा पट्टाच अल्टरनेटर किंवा वॉटर पंप फिरवतो. अशा ठिकाणी वेगळ्या लांबीचा पट्टा किंवा आयडलर पुली (पंपाच्या जागी पट्टा ताणून धरणारी मोकळी चकती) लागते. रॅक, टाय रॉड एंड, जोडणीचा शाफ्ट हे सगळं त्याच मॉडेलच्या साध्या आवृत्तीचं घ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर रॅक स्वस्त मिळेलही, पण पक्कं बिल मिळणार नसेल तर तो आरटीओच्या दृष्टीने कुठून आला हे तुम्हालाच सांगत बसावं लागेल.

अर्ज कुठे आणि कसा

राहत्या पत्त्याचं आरटीओ धरायचं. ठाणे शहराला एमएच-०४, कल्याण-डोंबिवलीला एमएच-०५. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत वाशीचं एमएच-४३. खारघर, कामोठे, कळंबोलीचे लोक बोलताना स्वतःला नवी मुंबईकर म्हणवतात, पण तो रायगड जिल्हा, त्यांचं काम पनवेलच्या एमएच-४६ मध्ये. गाडी दुसऱ्या आरटीओत नोंदलेली असली तरी अर्ज राहत्या ठिकाणीच द्यायचा.

क्रम महत्त्वाचा: आधी परवानगी, मग पाना. काम करण्यापूर्वी आरटीओच्या नावे साध्या मराठीत अर्ज लिहा: कोणत्या गाडीत कोणता भाग, कोणत्या आवृत्तीचा, का. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का घ्या. बदलाची नोंद करायची असं कार्यालयाने सांगितलं तर परिवहन पोर्टलवरच्या वाहन सेवांमध्ये गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे पाच आकडे टाकून वाहनातील बदलाचा अर्ज भरा. ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाइलवर येतो. तो नंबर जुना असेल तर आधी बदलून घ्या, नाहीतर सकाळ त्यातच जाते. परवानगी मिळून काम झालं की १४ दिवसांच्या आत कळवून आरसी नोंदीसाठी द्यायची असते. मग गाडी निरीक्षणाला न्यायची.

फाइलमध्ये आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, आधार किंवा पत्त्याचा दुसरा पुरावा, पॅन, बोजा असल्यास बँकेचं संमतीपत्र, नव्या भागांचं पक्कं बिल, गॅरेजचं लेटरहेडवरचं पत्र आणि व्हील अलाइनमेंटचा छापील रिपोर्ट ठेवा. शेवटचे दोन कागद कोणी मागेलच असं नाही, पण निरीक्षकाला पटवायला तेच कामी येतात. गॅरेजच्या पत्रात काढलेल्या आणि बसवलेल्या भागांचे पार्ट नंबर लिहून घ्या. साध्या आवृत्तीचं कंपनीचं जुनं माहितीपत्रक किंवा मालकाची पुस्तिका मिळाली तर तिची झेरॉक्सही लावा. थकलेली ई-चलानं आधी भरून टाका.

विमा कंपनीला वेगळं पत्र किंवा ईमेल द्या आणि पॉलिसीवर एन्डॉर्समेंट, म्हणजे बदलाची लेखी नोंद, करून घ्या. एजंटला फोनवर सांगितलं ते कुठेही लिहिलेलं नसतं.

गाडी १५ वर्षांची व्हायला आली असेल तर थोडं थांबून हिशेब करा. नोंदणी नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून करता येतो. त्यासाठी गाडी तपासली जाते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. अर्धवट बदललेलं स्टिअरिंग घेऊन तिथे उभं राहू नका. आधी काम आणि नोंद पूर्ण करा, किंवा आहे तो पॉवर रॅक रिकंडिशन करून तपासणी उरका आणि नंतर ठरवा. टॅक्सी-टुरिस्ट गाड्यांच्या मालकांनी तर पासिंगच्या तोंडावर हे काम काढूच नये.

काढलेला पंप आणि रॅक भंगारात देऊ नका. गाडी विकताना गिऱ्हाइकाला पॉवरच हवं असेल तर तो परत बसवता येतो. तसं केलंत तर त्याचीही नोंद त्याच खिडकीवर करावी लागेल.