तोफेला जागा का सोडावी लागते?

तीस किलोमीटरवरच्या लक्ष्यावर पडायला तोफगोळ्याला मिनिटभराहून अधिक वेळ लागतो, आणि तो हवेत असतानाच शत्रूचे रडार त्याच्या वाटेचा एक तुकडा टिपून तो कोठून सुटला हे गणिताने काढते. आपल्या लष्कराचे ‘स्वाती’ रडार याच कामासाठी बांधलेले आहे. ठिकाण कळले की काही मिनिटांत तेथे उलटा मारा सुरू होऊ शकतो. म्हणून आज तोफेच्या पल्ल्याइतकेच महत्त्व आहे ते मारा करून तिने चटकन निघून जाण्याला.

ओढून न्यायच्या तोफेला हे जड जाते. गोळा पुढे सुटताना तोफ मागे ढकलली जाते. तो धक्का जमिनीत उतरावा म्हणून तिचे दोन लांब पाय मागे फाकवून टोकाचे फाळ मातीत रुतवतात, आणि निघताना ते उपसून तोफ पुन्हा वाहनाला जोडावी लागते.

रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणाऱ्या ‘के-9 वज्र’ तोफेत हा धक्का मुख्यतः वजनच पेलते. 45 किलोचा गोळा सेकंदाला 900 मीटर वेगाने सुटला, तर संवेग अक्षय्यतेच्या नियमानुसार सुमारे 47 टनांच्या या धुडाला मिळणारा वेग सेकंदाला एक मीटरही भरत नाही. शिवाय नळी मागे सरकते आणि तेल व दाबलेला वायू यांवर चालणारी यंत्रणा तो धक्का सावकाश जिरवते. त्यामुळे ही 155 मिलिमीटरची तोफ थांबल्यावर साधारण मिनिटभरात मारा सुरू करते, 15 सेकंदांत तीन गोळे डागते आणि लगेच निघू शकते.

नाशिकजवळच्या देवळालीत 2018 मध्ये वज्र लष्करात दाखल झाली. मूळ विचार वाळवंटी सरहद्दीचा होता, पण 2021 मध्ये ती लडाखमध्येही नेण्यात आली. साडेचार हजार मीटर उंचीवर हवेची घनता तिसऱ्या हिश्शाहून अधिक घटते. गोळ्याला होणारा विरोध कमी होऊन तो लांब जातो, म्हणून नेम धरण्याचे हिशेब नव्याने करावे लागतात, आणि त्याच विरळ हवेत इंजिनाची मात्र दमछाक होते.

युक्रेनच्या युद्धात ड्रोनने आणखी एक अडचण उभी केली आहे. रडारला तोफ सापडते ती गोळा सुटल्यावर. डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या ड्रोनला ती धावतानाही दिसते. म्हणून तिथल्या तोफा दोन माऱ्यांमधला वेळ झाडीत किंवा जाळ्यांखाली काढतात, आणि धक्का पेलणारे तेच अवाढव्य धूड लपवताना अवघड ठरते.