मानेवरचा हात : वस्ताद पोरात नेमकं काय बघतात?

जानेवारीतली पहाट. गोदावरीकडून येणारा गारवा पंचवटीच्या गल्ल्यांत भरून राहिला होता, आणि तालमीत शिरलो तर मातीच्या हौदातल्या, म्हणजे आखाड्यातल्या, पोरांच्या अंगातून वाफा निघत होत्या. लाल मातीला तेल, ताक, हळद आणि कापराचा वास. भाच्याला कुस्ती शिकायची होती म्हणून मी त्याला घेऊन गेलो होतो. वय तेरा, वर्गात सगळ्यांत उंच, दंड भरलेले. वस्ताद बघताक्षणी खूश होतील अशी माझी खात्री होती.

वस्तादांनी दंडाकडे बघितलंसुद्धा नाही. पोराला समोर उभं केलं, मानेवर पंजा ठेवला आणि एकदा पुढे, एकदा डावीकडे ओढलं. मग कडेला बैठका मारणाऱ्या एका किडकिडीत पोराला हाक मारली आणि दोघांना खडाखडीला, म्हणजे समोरासमोर उभं राहून झोंबायला, लावलं. दोन मिनिटांत भाचा दोनदा मातीत.

"अंग चांगलंय," वस्ताद मला म्हणाले, "पण ओढलं की हा आधी विचार करतो. त्या बारक्याची मानच उत्तर देते."

त्या दिवसापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण वस्ताद जे बोलले, ते मज्जासंस्थेच्या अभ्यासात जवळपास तसंच सापडतं.

डोळ्यांनी काही दिसल्यापासून हात हलायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. समोरचा काय काय करू शकेल याच्या शक्यता वाढल्या की हा वेळ आणखी वाढतो. समोरचा पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, वाकला, हे नुसतं बघून सावरायचं तर तोवर पाय त्याच्या हातात गेलेला असतो. पण कुस्तीत अंगाला अंग लागलेलं असतं. स्नायू अचानक ताणला गेला की त्याच्या आतले संवेदक लगेच खबर देतात. हाताच्या स्नायूंवर केलेल्या मोजमापांत पहिलं उत्तर २० ते ४५ मिलिसेकंदांत येतं. ते मज्जारज्जूतूनच परत फिरतं, त्यात फारशी अक्कल नसते. त्याच्या पाठोपाठ, ५० ते १०० मिलिसेकंदांच्या दरम्यान, दुसरं उत्तर येतं. हे मेंदूला शिवून येतं आणि आधी मनात काय ठरलंय त्याप्रमाणे बदलतं. ओढल्यावर धरायचं असं ठरलेलं असेल तर तोच झटका स्नायूला घट्ट करतो, सोडून द्यायचं ठरलेलं असेल तर ढिला ठेवतो. आणि हे सगळं जाणूनबुजून केलेली हालचाल सुरू होण्याच्या आत. वस्तादांचा पंजा मानेवर हेच चाचपत असावा, असं मला वाटतं. डाव अंगात भिनला, असं आपण म्हणतो ना, तो भिनण्याची एक जागा ही आहे.

दृष्टिहीनांचा जुडो १९८८च्या सोल पॅरालिम्पिकपासून खेळला जातो. त्यात लढत सुरू होण्याआधीच दोघे एकमेकांचा पोशाख पकडून उभे राहतात. तिथून पुढे स्पर्शच सगळं सांगतो.

अंतर राखून लढायच्या खेळात मात्र नजर लागतेच. फ्रेंच संशोधकांनी १९९५ साली फ्रेंच बॉक्सिंग (ठोशांबरोबर लाथाही चालणारा खेळ) खेळणाऱ्यांच्या डोळ्यांचा माग घेतला. नवखे खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर इकडून तिकडे बघत राहतात. मुरलेले खेळाडू मात्र बहुतेक वेळ डोक्यापाशी नजर ठेवतात आणि हातापायांची हालचाल कडेच्या नजरेनं टिपतात. मूठ निघण्याआधी खांदा हलतो, लाथ निघण्याआधी कंबर वळते. जाणता प्रशिक्षक म्हणून पोराच्या ठोशापेक्षा त्याचे डोळे कुठे आहेत ते बघतो.

ताकद तर कुणालाही दिसते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना अनोळखी माणसांचे नुसते फोटो दाखवले, काही तर फक्त चेहऱ्याचे, तरी त्यांनी ताकदीचे अंदाज बऱ्यापैकी बरोबर बांधले. मी भाच्याला घेऊन गेलो ते याच नजरेच्या भरवशावर.

ही नजर सगळ्यांत जास्त फसते ती बारा ते सोळा या वयात. जत्रेतल्या रेवड्यांवरच्या, म्हणजे बक्षिसाला रेवड्या असलेल्या पोरांच्या, कुस्त्या आठवा. वजनकाटा नाही, जन्मदाखला नाही. पंच पोरांना शेजारी उभं करतात आणि डोळ्यांनी जोड लावतात. मुलांची उंची सर्वांत झपाट्यानं वाढते ती सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास, पण कुणाची बाराव्यातच, कुणाची सोळाव्यात. एकाच वर्गातल्या दोन पोरांच्या शरीराच्या वयात चार-चार वर्षांचा फरक असू शकतो. लवकर वाढलेला पोरगा जत्रा मारतो, लोक फेटा बांधतात. त्याच्यात हुनर असेलही, पण आत्ता जिंकतंय ते त्याचं लवकर आलेलं वय. मागून वाढणाऱ्या पोराला मात्र त्याच दोन-तीन वर्षांत "याच्यानं नाही व्हायचं" असं ऐकावं लागतं आणि तो तालीम सोडतो. मला याचं फार वाईट वाटतं. ब्राझीलमध्ये जुडोपटूंचा दहा वर्षं माग ठेवला, तेव्हा लहान गटात गाजलेल्यांपैकी मोठ्यांच्या गटात तसेच टिकलेले फार थोडे निघाले.

मग मोजायचं काय? जीन तपासून देतो म्हणणारे आहेत, पैसेही घेतात. प्रतिभा ओळखायला आज या चाचण्यांचा काहीही उपयोग नाही, हे क्रीडावैद्यकातल्या तज्ज्ञांनी २०१५ साली एकमतानं सांगितलंय. त्यापेक्षा जुडोतली एक साधी कसोटी बघा. दोन जोडीदार सहा मीटर अंतरावर उभे करायचे, खेळाडूनं मध्यातून धावत जाऊन आलटून पालटून एकेकाला फेकायचं. आधी १५ सेकंद, मग दोनदा ३०, मध्ये दहा-दहा सेकंदांची विश्रांती. संपताक्षणी नाडी मोजायची, मिनिटानं पुन्हा मोजायची. दोन्ही आकड्यांची बेरीज करून फेकींच्या संख्येनं भागायचं. उत्तर जितकं लहान, तितका दमसास चांगला. वस्ताद घड्याळ वापरत नाहीत, पण कुस्ती सुटल्यावर पोराची छाती किती वेळ भात्यासारखी चालते, हे ते बघत असतात.

वरच्या पातळीवर सगळेच ताकदवान असतात. जानेवारी २०२० मध्ये नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरनं महाराष्ट्र केसरी जिंकली ती लातूरच्या शैलेश शेळकेवर, ३-२ अशा गुणांनी. दोघेही कुस्तीचे प्रशिक्षक काका पवार यांचेच पठ्ठे, एकाच तालमीत घुमलेले. निकालानंतर हर्षवर्धननं शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं होतं. एका गुणाच्या त्या फरकात दंडाचा घेर कुठे शोधणार?

भाचा आता रोज पहाटे जातो. परवा तालमीच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा दिसल्या, प्रत्येकीपुढे नाव आणि महिना. वस्ताद दर तीन महिन्यांनी पोरांना चौकटीला उभं करतात. भाच्याच्या शेवटच्या दोन रेघा एकमेकींना चिकटल्या होत्या. त्या बारक्याच्या आधीच्या रेघाही तशाच चिकटलेल्या, फक्त सगळ्यांत वरची एकदम बोटभर उंच.

मी तिथे बोट ठेवलं तेव्हा वस्ताद मातीत पाणी शिंपडत होते.

"त्याचं आत्ता कुठं सुरू झालंय," ते म्हणाले, "काही महिने स्वतःच्याच पायात अडकून पडेल. त्याला कुणी हसायचं नाही, एवढं सांगून ठेवलंय पोरांना."