जठर-अन्ननलिका प्रत्यावहनावरील अंतर्दर्शी उपचार

जठरातील आम्ल वारंवार अन्ननलिकेत उलटून येण्याच्या विकारावर, पोटावर छेद न घेता, तोंडावाटे घातलेल्या एंडोस्कोपच्या साहाय्याने केले जाणारे उपचार. छातीत जळजळणे व आंबट पाणी घशाशी येणे ही या विकाराची परिचित लक्षणे होत. अन्ननलिका जठराला मिळते तेथील संकोचक स्नायूचे कडे, त्याला बाहेरून आवळणारे मध्यपटलाचे स्नायू आणि जठराच्या माथ्याशी असलेली झडपेसारखी घडी अशा तिघांमुळे हा मार्ग एरवी बंद राहतो. अंतर्दर्शी उपचार यांपैकी कड्यावर किंवा घडीवर होतात. मध्यपटलातील रुंदावलेले छिद्र आतून शिवता येत नाही. त्यामुळे २ सेंमी.पेक्षा मोठा हायटस हर्निया (या छिद्रातून जठराचा भाग छातीत सरकणे) असलेले रुग्ण बहुतेक पद्धतींतून वगळले जातात.

रूडोल्फ निसेन यांनी १९५५ मध्ये बाझेल (स्वित्झर्लंड) येथे केलेली, जठराचा माथा अन्ननलिकेभोवती गुंडाळण्याची शस्त्रक्रिया (फंडोप्लिकेशन) १९९१ पासून पोटावरील लहान छिद्रांतून दुर्बिणीने होऊ लागली. तिच्यानंतर काहींना गिळायला त्रास होतो, ढेकर येत नाही, पोट फुगते. ओमेप्राझोल व त्याच्या कुळातील गोळ्या आम्लनिर्मिती रोखतात, पण उलटून येणे थांबवत नाहीत. या दोहोंमधली जागा भरण्यासाठी अंतर्दर्शी उपचार पुढे आले.

त्यांचा आरंभ सहसा २००० साली धरतात, कारण त्या वर्षी स्ट्रेटा व एंडोसिंच या दोन साधनांना अमेरिकेच्या औषध प्रशासनाची (एफडीए) परवानगी मिळाली. मात्र एंडोसिंचचे मूळ पॉल स्वेन व टी. एन. मिल्स यांनी लंडनमध्ये तयार केलेल्या व १९८६ मध्ये वर्णिलेल्या ‘अंतर्दर्शी शिवणयंत्रा’त आहे. साधारण त्याच दशकात अन्ननलिकेच्या टोकाशी कोलॅजेनसारखे पदार्थ टोचून मार्ग अरुंद करण्याचे प्रयोगही झाले. अग्रमान कोणाला द्यावा, हे उपचाराची व्याख्या कशी करावी यावर अवलंबून आहे. टोचण्याची शाखा पुढे खुंटली आणि आजची घडी घालणारी साधने शिवणीच्या कल्पनेतून आली, हे पाहता शिवणयंत्राला आरंभस्थान देणे अधिक सयुक्तिक वाटते.

टोचण्याच्या शाखेचा शेवट शिकवण्याजोगा आहे. एन्टेरिक्स हे स्नायूत टोचल्यावर घट्ट होणारे बहुवारिक (पॉलिमर) २००३ मध्ये मान्य झाले. परंतु सुई अन्ननलिकेच्या भिंतीपार जाऊन द्रव्य छातीच्या पोकळीत, क्वचित महारोहिणीपर्यंत पोहोचल्याच्या नोंदी झाल्या व २००५ मध्ये ते बाजारातून परत घेण्यात आले. गेटकीपर ही हायड्रोजेलच्या कांड्या बसवण्याची पद्धतही टिकली नाही.

स्ट्रेटात फुग्याभोवतीच्या चार सुयांमधून रेडिओ-कंप्रतेची ऊर्जा स्नायूत सोडतात. तिने नेमके काय साधते, यावर मतभेद आहेत. प्रारंभीच्या मतानुसार उष्णतेने व्रणऊती तयार होऊन कडे जाड व ताठ होते. दुसऱ्या मतानुसार कड्याचे अवेळी सैल पडणे कमी होते. तिसरे मत असे की तेथील चेतातंतू बोथट होतात, म्हणजे आम्ल येतेच, फक्त जाणवत नाही. २००३ च्या ६४ रुग्णांच्या, बनावट उपचाराशी (प्रत्यक्ष उपचार न करता केवळ त्याचा देखावा) तुलना करणाऱ्या चाचणीत सहा महिन्यांनी जळजळ कमी झाली, पण अन्ननलिकेचा आम्लाशी येणारा संपर्क दोन्ही गटांत सारखाच राहिला. हा निष्कर्ष तिसऱ्या मताला सोयीचा आहे. बेल्जियममधील २०१२ च्या अभ्यासात उपचारानंतर संगमस्थानाची ताणक्षमता घटली, पण स्नायू सैल करणारे सिल्डेनाफिल दिल्यावर ती पूर्ववत झाली. कायमची व्रणऊती औषधाने सैल होणार नाही. त्यामुळे पहिले मत, साधनाच्या माहितीपत्रकांत ते अजून आढळत असले तरी, सर्वांत दुबळे ठरते. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेत स्ट्रेटाची शिफारस केलेली नाही.

घडी घालण्याच्या पद्धतींत इसोफिक्स साधनाने होणारे ‘टिफ’ (मुखमार्गे छेदरहित फंडोप्लिकेशन, अमेरिकेत २००७ पासून) सर्वांत अभ्यासलेले आहे. संपूर्ण भूल देऊन जठराचा माथा अन्ननलिकेवर अंशतः वळवतात व पॉलिप्रोपिलीनच्या सुमारे वीस टाचण्यांनी पक्का करतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२९ रुग्णांच्या चाचणीत अन्न वर येण्याचा त्रास टिफनंतर ६७ टक्के रुग्णांत, तर बनावट उपचार व गोळ्या घेणाऱ्या ४५ टक्के रुग्णांत थांबला. आम्लसंपर्काचा काळ ९.३ वरून ६.३ टक्क्यांवर आला. घट खरी आहे. पण ६ टक्क्यांहून अधिक संपर्क हा विकाराचा निर्णायक पुरावा मानला जातो, हे ध्यानात घेता ती मर्यादितच म्हणावी लागते. वरील मार्गदर्शिका शस्त्रक्रिया नको असलेल्या, अन्ननलिकेचा तीव्र दाह व मोठा हर्निया नसलेल्या रुग्णांसाठी टिफचा विचार करण्यास वाव देते.

प्लिकेटर या जुन्या साधनाचा वारस असलेल्या जर्ड-एक्सने भिंतीच्या संपूर्ण जाडीतून टाके घेतात. त्यावरील महत्त्वाची चाचणी भारतातली आहे : हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीत ७० रुग्णांवर झालेल्या या अभ्यासात तीन महिन्यांनी जीवनमानाच्या गुणांकात निम्म्याहून अधिक सुधारणा उपचारगटातील ६५.७ टक्के रुग्णांत, तर बनावट गटातील २.९ टक्के रुग्णांत आढळली.

जपानमधील हारुहिरो इनोऊए यांनी जठरमुखाजवळची श्लेष्मल त्वचा अर्धवर्तुळाकार काढण्याची पद्धत (आर्म्स) २०१४ मध्ये मांडली. व्रण भरताना त्वचा आकसते व घडी घट्ट होते. यात वेगळे यंत्र लागत नाही. गिळताना अडथळा आल्यास फुग्याने मार्ग रुंद करावा लागतो.

कोणत्याही पद्धतीपूर्वी एंडोस्कोपी, दाबमापन व गरजेप्रमाणे २४ तासांची किंवा त्याहून दीर्घ आम्लमापन चाचणी करतात. ॲकॅलेशियासारखा गिळण्याचा विकार निघाल्यास हे उपचार करत नाहीत.