फी भरली तरी पाळी का? को-ऑपमधल्या पालकांसाठी माहितीपत्रक

आमचं को-ऑप म्हणजे पुण्यातल्या, मुलांना घरी शिकवणाऱ्या कुटुंबांचा एकत्र शिकवण्याचा गट, आणि पाळी म्हणजे त्यात पालकांनी आळीपाळीने सत्र घ्यायचं किंवा सोबतीला बसायचं. प्रवेशाची चौकशी करायला येणारं जवळजवळ प्रत्येक कुटुंब उठता उठता एक प्रश्न विचारतं: "फी तर आम्ही भरणारच आहोत, मग पाळी कशाला?" आणि आधीपासून असलेल्या कुटुंबांपैकी कोणाचा ना कोणाचा सकाळी मेसेज येतो: "आज जमत नाहीये, सॉरी." या दोन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे, म्हणून हे पत्रक काढलं आहे. मुलांना घरी का शिकवायचं, हे तुम्ही विचार करून ठरवलेलं असतं. त्यात आम्ही शिरत नाही. एकत्र शिकवायचं ठरवल्यावर कोणी काय करायचं, एवढंच इथे सांगतो.

फी कशाची आणि पाळी कशाची

तुमच्या फीमधून जागेचं भाडं, वाचनालय, साहित्य, साफसफाई आणि वेळापत्रक सांभाळणाऱ्या माणसांचा पगार निघतो. शिकवण्याचे पैसे आम्ही घेत नाही, कारण इथे शिकवतात ते पालक.

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी १० ते १ मुलं एकत्र येतात. चार ते सात वर्षांची लहान, आठ ते अकराची मधली आणि त्यापुढची मोठी, असे तीन गट आहेत. प्रत्येक गटाला दर वेळी दोन पालक लागतात. एक सत्र घेतो, दुसरा सोबती असतो. कोणाला बाथरूमला जायचं असलं, कोणी रडायला लागलं, तर सोबती उठतो आणि सत्र थांबत नाही. मुलांबरोबर बंद खोलीत कोणीही मोठं माणूस एकटं असू नये, हा आमचा पहिल्या दिवसापासूनचा नियम आहे. तो कोणासाठीही, अगदी आमच्यासाठीही, सैल होत नाही.

हिशेब केला तर एका कुटुंबाच्या वाट्याला महिन्यात दोन पाळ्या येतात, एक सत्राची आणि एक सोबतीची. बाकीच्या दिवशी तुमचं मूल दुसऱ्यांच्या आई-बाबांकडून, आजी-आजोबांकडून शिकतं. महिनाभरात आठ-दहा वेगवेगळी मोठी माणसं मनापासून त्याच्यासमोर बसतात. एवढ्या प्रकारची माणसं आम्ही पगारावर ठेवू शकलो नसतो, आणि ठेवली असती तर ही फी तुम्हाला परवडली नसती.

सकाळचा मेसेज

आता ज्यामुळे सगळ्यांचा सर्वांत जास्त वेळ जातो, त्याबद्दल.

शुक्रवारी सकाळी पावणेनऊला ग्रुपवर मेसेज पडतो. ऑफिसात अचानक मीटिंग लागली, गाडी सर्व्हिसिंगला दिली आहे, पाहुणे आले आहेत. कारण खोटं नसतं, हे आम्हाला माहीत आहे. मेसेज टाकणाऱ्याला वाटतं, आपण कळवलं, काम झालं. आमच्या बाजूला मात्र तिथून काम सुरू होतं. सव्वा तासात बदली माणूस शोधायचा असतो. बहुतेक पालक त्या वेळी मुलांना आवरून निघण्याच्या घाईत असतात, फोन उचलत नाहीत. कोणी मिळालं नाही तर दोन गट एकत्र बसवावे लागतात. पाच वर्षांचं मूल आणि अकरा वर्षांचं मूल एका सत्रात बसलं की लहानाला काही कळत नाही आणि मोठं कंटाळतं. सोबती म्हणून आलेल्या पालकाने अर्धी रजा टाकलेली असते, त्याच्यावर तयारी नसताना सत्र येऊन पडतं. भिजवून ठेवलेलं कडधान्य किंवा मंडईतून आणलेली फुलं पुढच्या सत्रापर्यंत टिकत नाहीत.

सर्वांत जास्त मनाला लागतं ते तुमच्याच मुलाच्या. "आज माझी आई घेणार आहे" असं त्याने आठवडाभर सगळ्यांना सांगितलेलं असतं.

म्हणून नियम असा: आधी बदली पालक शोधायचा, मग दोघांची नावं घालून कळवायचं. "शुक्रवारची माझी मधल्या गटाची पाळी अमुक घेतील, त्यांची पुढच्या मंगळवारची मी घेईन", असा मेसेज आला की आमचं काम एका मिनिटात होतं. नुसतं "जमणार नाही" आलं तर पाळी तुमच्याच नावावर राहते. भिशीत एकाने हप्ता चुकवला तर ज्याची भिशी लागली आहे त्याचे पैसे कमी भरतात, तसंच हे आहे. नुकसान आमच्या नव्हे, दुसऱ्या कुटुंबाच्या खिशातून जातं.

पाळीपत्रक दर महिन्याच्या २५ तारखेला लागतं. ते लागल्यावर दोन दिवसांत घरच्या कॅलेंडरशी ताडून बघा. लग्न, परीक्षा, गावाला जाणं, यांतलं बहुतेक सगळं तेव्हा ठाऊक असतं, आणि तेव्हा अदलाबदल करायला कोणाचीच ना नसते. आदल्या रात्री तेच अवघड होतं.

आजारपणाला हा नियम लागू नाही. मूल तापलं असेल, घरात कोणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर फक्त फोन करा, मेसेज नको. त्यासाठी दर महिन्याला दोन राखीव पालक ठरलेले असतात आणि त्यांच्यासाठी सत्राचं साहित्य आणि टिपणं असलेली तयार पेटी कपाटात असते. पण राखीव पालक मीटिंगसाठी वापरले, तर ज्या दिवशी खरोखर कोणाचं मूल आजारी पडेल त्या दिवशी ते उरत नाहीत.

"पाळीऐवजी जास्त पैसे घ्या ना"

दोघेही नोकरी करणारे पालक हे फार प्रामाणिकपणे विचारतात. तरी आमचं उत्तर नाहीच असतं. त्याची कारणं सांगणं आमचं कर्तव्य आहे.

पहिलं कारण कायद्याचं. शिक्षण हक्क कायदा, म्हणजे आरटीई, २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १८ प्रमाणे मान्यतेचं प्रमाणपत्र नसताना शाळा चालवता येत नाही. दंड एक लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो, आणि त्यानंतरही शाळा चालूच ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना घरी शिकवण्याबद्दल या कायद्यात वेगळा उल्लेख नाही. कलम १० मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य मानतं, पण तसं न करणाऱ्या पालकांसाठी या कायद्यात दंड नाही. अशा स्थितीत घरी शिकवणाऱ्या कुटुंबाच्या हातात एकच भक्कम गोष्ट असते: मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी आम्ही स्वतः उचलतो, हे दाखवता येणं. तुम्ही पैसे दिले, आम्ही शिक्षक ठेवले, तुम्ही फाटकाशी मूल सोडून निघून गेलात, तर आपण मान्यता नसलेल्या शाळेपेक्षा वेगळे कसे, हे सांगणं आम्हालाही अवघड जाईल आणि तुम्हालाही. आम्ही शाळा नाही, आणि व्हायचंही नाही. चांगल्या शाळा पुण्यात आहेत. ज्यांना शाळा हवी आहे त्यांना आम्ही मोकळेपणाने तसं सांगतो.

दुसरं कारण साधं आहे. एका कुटुंबाला पाळी माफ केली की पुढच्या महिन्यात आणखी दोन कुटुंबं तेच मागतात, आणि त्यांचं चूक नसतं. थोड्याच दिवसांत सगळा भार चार आयांवर येतो, त्या थकतात आणि गट मोडतो. असे मोडलेले गट आम्ही पाहिले आहेत.

नोकरी करणाऱ्यांसाठी दुसऱ्या वाटा आहेत. शनिवारची वाचनालयाची पाळी घेता येते. महिन्यातून एकदा टेकडीवर, केळकर संग्रहालयात किंवा एम्प्रेस गार्डनला सहल जाते, तिथे सोबती लागतात. आजी-आजोबांनी पाळी घेतली तर चालतेच, उलट आम्हाला ती फार आवडते. मावशी, काका, मामा यांनाही हरकत नाही, फक्त आधी एकदा येऊन भेटून जायला हवं. घरकामाच्या ताई किंवा ड्रायव्हरदादांना पाठवू नका. ती माणसं चांगलीच असतात, पण जबाबदारी तुमच्या कुटुंबाची आहे, त्यांची नाही.

"पण मला शिकवता येत नाही"

हे वाक्य ज्यांनी ज्यांनी म्हटलं, त्यांतल्या कितीतरी जणांची सत्रं मुलांना वर्षभर आठवतात.

एका आजोबांनी १२ जुलै १९६१ सांगितला. त्या दिवशी पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासल्याचंही, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आजोबा तेव्हा शाळकरी होते. त्यांनी व्याख्यान दिलं नाही. जमिनीवर खडूने मुठा नदी काढली, दोन धरणं दाखवली, शनिवार पेठ, नारायण पेठ कुठे ते दाखवलं आणि मुलांना विचारलं, पाणी आधी कुठे पोचलं असेल? मोठ्या गटाने नकाशावरून अंतरं मोजली, मधल्याने उतार समजून घेतला, आणि घरी जाऊन प्रत्येकाने आपापल्या आजीला विचारलं, तू तेव्हा कुठे होतीस? भूगोल, गणित, इतिहास, सगळं त्यात आलं, आणि आजोबांना आपण काही शिकवलं असं वाटलंही नाही.

बँकेत काम करणाऱ्या एका आईने रिकाम्या पासबुकांवर व्याज काढायला लावलं. एका बाबांनी मंडईची फेरी घेतली. १८८६ मध्ये रे मार्केट म्हणून उघडलेल्या त्या इमारतीत मुलांनी आठ ठिकाणी कोथिंबिरीच्या जुडीचा भाव विचारला आणि परत येऊन सरासरी काढली. तुम्ही रोज जे करता त्यातलं एक काम निवडा, आणि मुलांच्या हाताला पहिल्या दहा मिनिटांत काहीतरी करायला द्या. आमची एवढीच अट आहे.

तरीही धीर होत नसेल तर आमच्या तयार पेट्या आहेत. प्रत्येक पेटीत दोन तासांचं साहित्य आणि मराठीत लिहिलेली टिपणं असतात. सर्वांत जास्त जाणारी पेटी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांची. ही कल्पना अरविंद गुप्ता यांची, आणि त्यांनी अशी खेळणी सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत. नळीचे बारीक तुकडे करून काड्या जोडायच्या. चौकोन केला की तो हातात कलतो, त्रिकोण केला की कलत नाही. मग मुलं स्वतःच विचारतात, पुलाला त्रिकोण का असतात? ही पेटी घेऊन आलात तर घरी तासाभराची तयारी पुरते. सभासदांना पेट्या फीमध्येच मिळतात. सभासद नसलेल्या कुटुंबांनाही आठवड्यासाठी भाड्याने देतो, त्याचे दर कार्यालयात लावले आहेत.

पहिल्या सत्राआधी शनिवारी अर्धा तास बसून तुमची आखणी आम्ही तपासून देतो. साहित्य काय लागेल ते पाच दिवस आधी सांगा, आणून ठेवणं आमच्याकडे.

परीक्षांबद्दल थोडक्यात

परीक्षा आम्ही घेत नाही, अर्ज भरायला मदत करतो. बहुतेक मुलं दहावी एनआयओएसमधून, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून देतात. त्यासाठी वय १४ पूर्ण लागतं, किमान पाच विषय लागतात, त्यांत एक तरी भाषा हवी. मराठी माध्यमातूनही देता येते. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, त्यामुळे विषय सुटेसुटे देता येतात. लेखी विषयांत २० टक्के गुण घरी करायच्या असाइनमेंटचे असतात. त्या असाइनमेंट वेळेत न पाठवल्यामुळे गुण गेलेले आम्ही पाहिले आहेत, म्हणून नोंदणी झाल्यावर त्या तारखांची आठवण आम्ही करून देतो. राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायची असेल तर सतरा नंबरचा फॉर्म आहे. त्याला शाळा सोडल्याचा दाखला मागतात, म्हणून मूल कधी काळी शाळेत गेलं असेल तर तो दाखला जपून ठेवा. आठवीपर्यंत कधीही शाळेत परत जायचं ठरलं तर आरटीईच्या कलम ४ प्रमाणे वयाला योग्य वर्गात प्रवेश मिळतो.

घरी काय शिकलं त्याची नोंदवही मात्र आजपासून ठेवा. तारीख, विषय, दोन ओळी आणि मुलाच्या कामाचा एखादा नमुना. को-ऑपमध्ये तुम्ही घेतलेल्या सत्रांचीही नोंद त्यात करा. उद्या कोणी विचारलं तर ती वही तुमच्या बाजूने बोलते. कोऱ्या नोंदवह्या कार्यालयात मिळतात, नाहीतर कुठलीही दोनशे पानी वही चालते.

यायच्या आधी

दोन सत्रं बघायला मुलाला घेऊन या, त्याची फी नाही. पण मुलाला सोडून जाऊ नका. तुम्हीही बसा, सोबतीच्या खुर्चीवर. तुम्हाला ते जमतंय का, आवडतंय का, हे तिथेच कळतं, आणि आम्हालाही. जमणार असेल तर पहिल्या महिन्यात फक्त सोबतीची पाळी देतो, सत्र दुसऱ्या महिन्यापासून. नावनोंदणी २० तारखेच्या आत केली तर २५ च्या पाळीपत्रकात तुमचं नाव येतं. येताना पाण्याची बाटली, डबा आणि मळले तरी चालतील असे कपडे, तुमच्यासाठीही.