पॅलिएटिव्ह केअर आणि हॉस्पिस, हे दोन्ही एकच नाहीये

“पॅलिएटिव्ह टीमशी एकदा बोलून घ्या” असं डॉक्टर म्हणाले की घरच्यांच्या पोटात गोळाच येतो. आमच्याकडेही तेच झालं. मावशीला फुफ्फुसाचा कॅन्सर होता, केमो चालू होती, आणि हा शब्द ऐकल्या ऐकल्या काका म्हणाले, म्हणजे आता डॉक्टरांनी हात टेकले, आपल्याला नको ते. आम्हीही माना डोलावल्या. पुढचे दोन महिने मावशीने दुखणं अंगावर काढलं, रात्र रात्र उशीला टेकून बसून राहायची कारण आडवं झालं की दम लागायचा, आणि यातलं बरंचसं कमी करता आलं असतं हे आम्हाला फार उशिरा कळलं. म्हणून हे लिहितेय.

पॅलिएटिव्ह म्हणजे हॉस्पिस आणि हॉस्पिस म्हणजे संपलं सगळं, असं बहुतेकांच्या डोक्यात असतं. खरं तर पॅलिएटिव्ह केअर म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणारी काळजी, आणि हॉस्पिस हा तिचाच एक भाग आहे, शेवटच्या टप्प्यातला. बाकी पॅलिएटिव्ह केअर निदान झालं त्याच दिवसापासून घेता येते, केमो, रेडिएशन, ऑपरेशन, डायलिसिस जे काही चालू असेल ते चालू ठेवून. आजार बरा करायचं काम त्या त्या डॉक्टरांचं, आणि दुखणं, दम लागणं, मळमळ, झोप उडणं, मनातली भीती हे सांभाळायचं काम या टीमचं. आणि फक्त कॅन्सरलाच नाही बरं का, हार्ट फेल्युअर, किडनीचे आजार, फुफ्फुसाचे जुनाट आजार, डिमेन्शिया, या सगळ्यांत तिचा उपयोग होतो.

हॉस्पिस कधी? आजार हटवणाऱ्या ट्रीटमेंटचा उपयोग होत नाहीये किंवा तिचाच त्रास जास्त होतोय, आणि पेशंटने ठरवलं की आता पुरे, उरलेले दिवस शांतपणे जाऊदेत, तेव्हा. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यातून हॉस्पिस मिळायला डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं की आजार नेहमीच्या गतीने वाढला तर 6 महिने किंवा त्याहून कमी दिवस उरलेत. पण 6 महिने झाले म्हणून कोणी बाहेर काढत नाही, डॉक्टर पुन्हा तपासून मुदत वाढवतात, आणि पेशंटला वाटलं तर तो स्वतः हॉस्पिस सोडून ट्रीटमेंटकडे परत जाऊ शकतो. आणि हॉस्पिस म्हणजे इमारतच असली पाहिजे असंही नाही, खूप लोकांना ही सेवा घरीच मिळते.

या शब्दांचा इतिहास बघितला तर गोंधळ का होतो ते कळतं. सिसिली सॉंडर्स आधी नर्स होत्या, मग सोशल वर्कर, मग डॉक्टर झाल्या आणि 1967 मध्ये त्यांनी लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केलं. वेदना फक्त शरीराची नसते, मनाची असते, नात्यांची असते, श्रद्धेची असते आणि सगळी एकत्र दुखते हे त्यांनी ठामपणे मांडलं. पुढे कॅनडातल्या बाल्फोर माउंट या सर्जनला मॉन्ट्रियलमध्ये असंच काम सुरू करायचं होतं, पण फ्रेंचमध्ये हॉस्पिस म्हटलं की लोकांना निराधारांचा आश्रम आठवायचा, म्हणून 1970च्या दशकात त्यांनी पॅलिएटिव्ह केअर हे नाव घेतलं. त्याचं मूळ लॅटिन पॅलियममध्ये, म्हणजे अंगावर घ्यायचं वस्त्र. मला तर पांघरूणच आठवतं. लोक घाबरू नयेत म्हणून घेतलेलं हे नाव, आणि आज त्याच नावाला आपण घाबरतो.

लवकर घेतली तर फरक पडतो का? 2010 मध्ये बॉस्टनमधला एक अभ्यास छापून आला, फुफ्फुसाचा कॅन्सर पसरलेले 151 पेशंट होते. ज्यांना सुरुवातीपासून कॅन्सरच्या ट्रीटमेंटसोबत पॅलिएटिव्ह केअर मिळाली त्यांच्यात डिप्रेशन कमी दिसलं, शेवटी शेवटी त्रासदायक उपचारही कमी झाले आणि तरी ते जास्त जगले, साधारण 11.6 महिने, बाकीचे 8.9. एका अभ्यासावरून सगळ्या आजारांचं सांगता येत नाही हे मान्य, पण ही टीम आली की माणूस लवकर जातो ही भीती तरी मनातून काढून टाका.

मॉर्फिनचंही तसंच. मॉर्फिन म्हणजे शेवटचं इंजेक्शन असं काकांना वाटायचं. मावशीला शेवटी ते तोंडातूनच दिलं, ठरलेल्या वेळी, कमी डोसपासून वाढवत, सोबत पोट साफ व्हायचं औषध कारण मॉर्फिनने हमखास बद्धकोष्ठता होते. त्याने दुखणं कमी झालं आणि दमही. तिसऱ्या रात्री ती पाठ टेकून झोपली, आणि काका दारात उभे राहून नुसते बघत होते.

माणसाशी बोलायचं कसं, हेही दोन्हीकडे वेगळं असतं. पॅलिएटिव्हच्या काळात अजून वेळ असतो, तेव्हा “काही होणार नाही तुला” म्हणून विषय मिटवू नका, उलट विचारा की आत्ता सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय, कुठले उपचार नकोत, तुला बोलता आलं नाही तर तुझ्या वतीने कोणी ठरवायचं. हे प्रश्न विचारताना जीभ जड होते, माझीही झाली. पण मावशी म्हणाली, बरं झालं विचारलंस, मला वाटलं तुम्हाला कोणालाच ऐकायचं नाहीये.

हॉस्पिसमध्ये बोलणं कमी होत जातं. खाणं सुटतं, आणि घरच्यांना वाटतं आपण उपाशी ठेवतोय. पण आजारामुळे शरीरच खाणं मागत नाही, बळजबरीने भरवलं तर ठसका लागतो. त्यापेक्षा ओल्या स्पंजने ओठ आणि तोंड पुसायचं, कूस बदलून द्यायची. श्वास मध्येच थांबून परत सुरू होतो, घशात घरघर होते, बघणाऱ्याला भयंकर वाटतं पण बहुतेक वेळा पेशंटला त्याचा त्रास होत नसतो, हे नर्सने आधीच सांगितलं होतं म्हणून आम्ही शेवटच्या रात्री धावाधाव केली नाही. मावशी डोळे उघडत नव्हती, पण ऐकू येत असेल असं धरून आम्ही बोलत राहिलो. काका तिचा हात धरून बसले होते, घरातल्या कुंड्यांना पाणी घातलंय, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होते.