व्यवसाय आणि मानवी हक्क प्रशिक्षण (मुंबई)

कंपन्यांच्या कारभारात कामगार, वस्त्या व ग्राहक यांचे हक्क पायदळी तुडवले जाऊ नयेत, यासाठी स्वयंसेवी संस्था, कामगार संघटना आणि वस्तीगट यांच्या कार्यकर्त्यांना दिले जाणारे शिक्षण. त्याचा आंतरराष्ट्रीय आधार म्हणजे संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी जॉन रगी यांनी तयार केलेली आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने जून २०११ मध्ये मान्य केलेली ३१ मार्गदर्शक तत्त्वे. हक्कांचे संरक्षण शासनाने करावे, कंपनीने त्यांचा आदर राखावा आणि अन्याय झालेल्याला दाद मिळावी, हा त्यांचा गाभा. तत्त्वे बंधनकारक नाहीत; त्यामुळे देशातील कायद्यांशी त्यांची सांगड घालून दाखवली नाही, तर प्रशिक्षण नुसते व्याख्यान ठरते.

मुंबईत या कामाला वेगळे वजन आहे. मोठ्या कंपन्यांची मुख्यालये, शेअर बाजार व त्यावर देखरेख ठेवणारी सेबी इथेच, आणि पीसवर, म्हणजे नगामागे मजुरीवर, शिलाई करणारी धारावीतली बाईही इथेच. तिला मुकादम माहीत असतो, ठेकेदाराचे नाव फार तर कानावर आलेले असते. कपड्याला कोणाचे लेबल लागणार हे तिला कोणी सांगत नाही. ही साखळी खालून वर शोधत जाणे हा प्रशिक्षणातला सर्वांत कठीण आणि मोलाचा भाग. हजेरी कार्ड, गेटपास, मालाचे चलान, भविष्य निर्वाह निधीची नोंद असे कागद जपायला शिकवावे लागते, कारण ‘हा आमचा कामगारच नाही’ हे मालकाचे पहिले उत्तर असते.

दुसरा कागद कंपनीचा स्वतःचा. जबाबदार व्यवसायासाठीच्या केंद्र सरकारच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूत्रांतील नऊ तत्त्वांपैकी पाचवे मानवी हक्कांविषयी आहे. त्यांवर बेतलेला वार्षिक अहवाल बाजारमूल्याने पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून सक्तीचा केला. त्यात कायम आणि बिगर-कायम कामगारांना किमान वेतन मिळते का, तक्रारी किती आल्या, हे सांगावे लागते. पुरवठादारांकडील परिस्थितीचे प्रश्न मात्र ऐच्छिक भागात आहेत, आणि अन्याय बहुधा तिथेच दडलेला असतो. तक्रारींच्या रकान्यात शून्य दिसले, की तक्रार करायची सोय तरी होती का, हे कार्यकर्त्याने विचारायला हवे.

शहराची जुनी शिदोरीही मोठी आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांची नोंदणी व मजुरी मंडळाकडे सोपवली. कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या लढ्यात २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निर्णय उचलून धरला. तिथे मालक सरकारी होता, पण ठेकेदाराच्या आडून जबाबदारी झटकण्याची रीत खासगी कंपन्यांचीच.

लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३ च्या कायद्याखालची जिल्हास्तरीय स्थानिक समिती घरकामगार बाईलाही खुली आहे, हे अनेकींना प्रथम अशा वर्गातच कळते. परदेशी ब्रँडविरुद्ध त्याच्या मायदेशातील तक्रार यंत्रणेकडे जाण्याची वाटही कधी कधी उपलब्ध असते. कोणतीही वाट धरण्याआधी कामगाराची संमती घेणे आणि त्याचे नाव गुप्त ठेवणे अत्यावश्यक. नाव फुटले की दुसऱ्या दिवशी काम बंद होते.