अ‍ॅडमिन राइट्स न देता सॉफ्टवेअर इन्स्टॉल करू देणं

ऑफिसच्या नेटवर्कवर काम करणाऱ्या माणसाला कॉम्प्युटरचा अ‍ॅडमिन (म्हणजे मशीनमध्ये काहीही बदलायचा हक्क असलेला) न बनवता त्याला लागणारं सॉफ्टवेअर टाकता यावं म्हणून ज्या सोयी, सेटिंगा आणि जुगाड केले जातात, त्या सगळ्यांबद्दलची ही नोंद. विषय मुख्यतः विंडोजचा, कारण जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत, डाळ मिलमध्ये, जिनिंगच्या ऑफिसात, पतपेढीत, बघाल तिथं विंडोजच.

अडतं कुठं ते आधी बघू. प्रोग्राम फाइल्स आणि विंडोज ही दोन फोल्डरं आणि रजिस्ट्रीचा (विंडोज आपल्या सेटिंगा जिथं लिहून ठेवतं तिचा) अख्ख्या मशीनला लागू होणारा भाग, इथं साध्या यूजरला वाचता येतं पण लिहिता येत नाही, आणि बहुतेक सेटअप नेमके तिथंच लिहायला जातात, म्हणून पासवर्डची खिडकी उघडते. ही खिडकी २००७ साली विस्टाबरोबर घरोघरी आली. त्याआधी एक्सपीत जवळजवळ सगळेच अ‍ॅडमिन म्हणून बसायचे त्यामुळे ही अडचणच कोणाला माहीत नव्हती, पेनड्राइव्हचे व्हायरस मात्र सगळ्यांना माहीत होते. एक्सपीत पॉवर यूजर्स नावाचा एक मधला ग्रुपही होता, विस्टापासून तो नावापुरता उरला, तरी अजून कोणीतरी भाऊ सांगतोच की त्याला पॉवर यूजर करून टाका, होऊन जाईन.

खरं तर राइट्स माणसाला लागतच नाहीत, सेटअपला लागतात. एवढं डोक्यात बसलं की अर्धा विषय संपला.

डोमेन असेल, म्हणजे सगळी मशीनं आणि यूजर एका सर्व्हरच्या ताब्यात असतील, तर सरळ रस्ता ग्रुप पॉलिसीचा, म्हणजे त्या सर्व्हरवरून सगळ्यांना एकदम सेटिंगा लावायच्या सोयीचा, विंडोज २००० पासून आहे. एमएसआय फाइल (विंडोजच्या ठरलेल्या पद्धतीचा सेटअप) सर्व्हरच्या शेअर फोल्डरात ठेवायची आणि पॉलिसीतून कॉम्प्युटरला असाइन करायची, मग मशीन सुरू होताना, कोणी लॉगिन करायच्या आधीच, विंडोजच्या स्वतःच्या पूर्ण हक्काच्या सिस्टीम खात्यातून ती बसते. यूजरला पब्लिश केली तर कंट्रोल पॅनलमध्ये यादीत दिसते, हवी त्याने क्लिक करावं, पासवर्ड विचारत नाही. यात हमखास होणारी चूक म्हणजे सर्व्हरवर बसून डी ड्राइव्हमधून फाइल निवडणं. पॉलिसीत मग डी ड्राइव्हचाच पत्ता बसतो आणि प्रत्येक मशीन आपापल्या डी ड्राइव्हमध्ये शोधत बसतं. पत्ता नेटवर्कचा द्यायचा आणि फोल्डर वाचायची परवानगी कॉम्प्युटरांना द्यायची, नुसती यूजरांना देऊन भागत नाही.

दुसरी गंमत फास्ट स्टार्टअपची. विंडोज ८ पासून शटडाऊन केलेलं मशीन पूर्ण बंद होतच नाही, त्यामुळे सुरू होताना लागायची पॉलिसी कधीकधी लागत नाही. एका डाळ मिलमध्ये भर मे महिन्यात मी दोन दिवस घाम गाळला, बाहेर ४५ डिग्री, अकाउंटवाले नाना रोज संध्याकाळी नीट शटडाऊन करायचे आणि सकाळी सॉफ्टवेअर काही आलेलं नसायचं. शेवटी नानांना म्हटलं, शटडाऊन नका करू, रीस्टार्ट करा. दोनदा केलं, आलं.

आता धोक्याचे जुगाड. पॉलिसीत ‘ऑलवेज इन्स्टॉल विथ एलिव्हेटेड प्रिव्हिलेजेस’ असं एक सेटिंग आहे, कॉम्प्युटर आणि यूजर दोन्हीकडं चालू केलं की कोणतीही एमएसआय पूर्ण हक्काने बसते. कोणतीही म्हणजे कोणतीही, स्वतःला अ‍ॅडमिन ग्रुपात टाकणारी घरी बनवलेलीसुद्धा. हे चालू करणं म्हणजे सगळ्यांना अ‍ॅडमिन करण्यासारखंच, मायक्रोसॉफ्टही तेच सांगतं. तोच प्रकार रनअ‍ॅज कमांडला (ती दुसऱ्या खात्याच्या नावावर प्रोग्राम चालवते) सेव्हक्रेड, म्हणजे पासवर्ड लक्षात ठेव, असं जोडून केलेल्या शॉर्टकटचा. आपण तो एका अपडेटसाठी बनवून देतो, पण पासवर्ड एकदा त्या मशीनवर सेव्ह झाला की त्याच्यावर यूजर दुसरा कोणताही प्रोग्राम चालवू शकतो.

काही सॉफ्टवेअर हक्क मागतच नाहीत, यूजरच्या स्वतःच्या अ‍ॅपडेटा फोल्डरात बसतात. क्रोमला पासवर्ड नाही दिला तरी तो तिथं बसतो, प्रोग्राम लिहायच्या व्हीएस कोडचा तर यूजरसाठी वेगळा सेटअपच मिळतो. सोपं आहे, पण तीन शिफ्टमध्ये तीन जण एकाच मशीनवर बसत असतील तर तीन कॉप्या, आणि व्हायरसलाही तीच जागा आवडते, म्हणून कडक ऑफिसं अ‍ॅपलॉकर (कोणते प्रोग्राम चालू द्यायचे ते ठरवणारी विंडोजची सोय) लावून तिथून काही चालूच देत नाहीत.

प्रिंटरचं दुखणं वेगळं. आधी सर्व्हरवरचा प्रिंटर साधा यूजर जोडायचा, ड्रायव्हर आपोआप यायचा. २०२१ मध्ये प्रिंटनाइटमेअर नावाची सुरक्षेतली फट सापडली आणि त्या ऑगस्टच्या अपडेटपासून ड्रायव्हरला अ‍ॅडमिन लागायला लागला. प्रिंटर तोच, माणूस तोच, आणि एका सकाळी चलन निघेना. उपाय एवढाच की ड्रायव्हर आपणच आधी सगळ्या मशीनवर टाकून ठेवायचा.

लिनक्सवाल्यांनीही हे भोगलंय. २००९ साली फेडोरा १२ या लिनक्समध्ये साध्या यूजरला डिजिटल सही असलेली पॅकेजं पासवर्डशिवाय टाकता येत होती, त्यावर एवढी ओरड झाली की ते लगेच मागं घ्यावं लागलं. आता फ्लॅटपॅक (लिनक्सवर सॉफ्टवेअर बसवायची एक पद्धत) यूजरपुरतं बसवता येतं.

आपल्याकडं खरी घाई उडते ती डीएससी टोकनच्या, म्हणजे डिजिटल सही ठेवलेल्या यूएसबीच्या ड्रायव्हरला. २० तारीख, जीएसटीआर ३बी हे महिन्याचं जीएसटी रिटर्न, कंपनीची सही टोकनवर, नवं मशीन, आणि रात्री नऊला फोन, “बापू, पासवर्ड सांगून द्या ना, आता कोण येईन?” सांगितलेला पासवर्ड मग मॉनिटरला चिकटवलेला सापडतो. यासाठी मायक्रोसॉफ्टचं लॅप्स आहे, हे अ‍ॅडमिन पासवर्ड सांभाळतं, २०१५ ला वेगळं डाउनलोड होतं, एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून विंडोजमध्येच आलं. प्रत्येक मशीनच्या लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड वेगळा राहतो आणि काही बदललं नसेल तर ३० दिवसांनी आपोआप बदलतो. फोनवर सांगितलाच तर सकाळी एक्सपायर करून टाकता येतो. त्या रात्रीत कोणी दुसरं अ‍ॅडमिन खातं बनवून ठेवलं असेल तर ते मात्र तसंच राहतं, म्हणून सकाळी चहाच्या आधी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स ग्रुप उघडून नावं मोजायची.